अपत्यहीनतेची तपासणी दोघांचीही व्हावी : ‘व्हेरिकोसील’ या पुरुषविकाराचा परिचय

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्च व रुग्णसेवेचा तपशील यांबरोबरच एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर माहिती द्यावी, असा आमचा प्रघात आहे. या वर्षी निवडलेल्या विषयावर चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटतो. या संकोचाची झळ चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील अनेक कुटुंबांना, विशेषतः त्या कुटुंबांतील सुनांना, सोसावी लागते. हा विषय म्हणजे पुरुषाचे वंध्यत्व, आणि त्यातही ‘व्हेरिकोसील’ हा वृषणाच्या शिरांचा विकार.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. तथापि रुग्णालयाचे व्यवस्थापन पाहताना नोंदवह्या नित्य नजरेखालून जातात आणि त्यांतून काही गोष्टी ध्यानात येतात. अपत्य होत नाही म्हणून एखादे जोडपे कोणत्याही रुग्णालयात गेले की केसपेपर बहुधा पत्नीच्या नावाने निघतो. पती खिडकीशी पैसे भरतो, औषधे आणतो, परतीच्या बसची वेळ पाहतो. परंतु रुग्ण म्हणून त्याचे नाव कोठेही लिहिले जात नाही. जो रुग्ण म्हणून नोंदलाच जात नाही, त्याचा आजार सापडावा कसा? प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, या प्रश्नाचा विचार वाचकांनी, गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व आशाताईंनी करावा आणि तो घराघरांत न्यावा.

प्रश्नाचे स्वरूप

गर्भनिरोधक साधन न वापरता नियमित शरीरसंबंध असूनही बारा महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर त्यास वंध्यत्व म्हणावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. या संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे सहांतील एका व्यक्तीस आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत दोष अंशतः किंवा पूर्णतः पुरुषाकडे असतो, हे वैद्यकशास्त्राने आता निर्विवादपणे मान्य केले आहे.

आपल्या बोलीत मात्र ‘वांझ’ हा शब्द स्त्रीलाच लावला जातो. पुरुषासाठी जे शब्द रूढ आहेत ते त्याच्या पौरुषाविषयी शंका घेणारे आहेत, आणि येथेच समजुतीचा मोठा घोटाळा होतो. शरीरसंबंधाची क्षमता व अपत्यजननाची क्षमता या दोन भिन्न गोष्टी होत. ज्याचा संसार सर्वार्थाने सुरळीत आहे, ज्याच्या प्रकृतीत काहीही उणे दिसत नाही, अशा धडधाकट पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू अपुरे असू शकतात. ही गोष्ट त्यास स्वतःस जाणवत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्यासही कळत नाही. ती केवळ तपासणीनेच समजते. ‘माझ्यात काय दोष असणार?’ असे पती म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला ठाऊकच नसते.

न बोललेले दुखणे किती मोठे असू शकते, याचा धडा याच भूमीने देशाला दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक वा लैंगिक आजार होते आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. पुढे त्याच संस्थेने पुरुषांच्या जननविषयक तक्रारींचाही अभ्यास केला. विचारणारा भेटला आणि गुप्ततेची खात्री पटली, तर माणसे सांगतात; हे स्त्रियांबाबत खरे ठरले, तसे ते पुरुषांबाबतही खरे आहे.

हा विकार म्हणजे काय?

शुक्रजंतू वृषणात तयार होतात. त्यांच्या वाढीस शरीराच्या आतील तापमान मानवत नाही. ते दोन ते तीन अंश सेल्सिअसने कमी असावे लागते. म्हणूनच निसर्गाने वृषणे उदराबाहेर, अंडकोशाच्या पिशवीत ठेवली आहेत. वृषणाकडून वर जाणाऱ्या शिरांचे एक जाळे शुद्ध रक्त आणणाऱ्या रोहिणीभोवती पसरलेले असते. शिरांतील थंड रक्त रोहिणीतील उष्ण रक्ताची उष्णता ओढून घेते आणि वृषणाला थंडावा मिळतो. शिरांतील रक्त वर चढताना मागे फिरू नये म्हणून त्यांत झडपा असतात.

या झडपा निकामी झाल्या किंवा मुळातच दुबळ्या असल्या, म्हणजे रक्त मागे उतरते, साचते आणि शिरा फुगतात. काहींच्या पायांवर गाठीगाठींच्या निळसर शिरा दिसतात, त्याच जातीचा हा दोष अंडकोशात झाला की त्यास व्हेरिकोसील म्हणतात. हाताला तो गांडुळांच्या गुंत्यासारखा लागतो.

हा दोष बहुतांशी डाव्या बाजूस आढळतो आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे. उजवीकडची शीर उदरातील महाशिरेस तिरकी जाऊन मिळते. डावीकडची शीर अधिक लांब असून मूत्रपिंडाच्या शिरेस काटकोनात मिळते. त्यामुळे डावीकडे दाब अधिक पडतो. यास्तव केवळ उजव्या बाजूस शिरा फुगल्या, अथवा प्रौढ वयात त्या एकाएकी फुगल्या व आडवे झाल्यावरही कमी झाल्या नाहीत, तर पोटातील गाठ, विशेषतः मूत्रपिंडाची गाठ, नाही ना, हे सोनोग्राफीने अवश्य पाहिले पाहिजे.

एकूण प्रौढ पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के पुरुषांत हा विकार आढळतो. वंध्यत्वासाठी तपासणी झालेल्या पुरुषांत मात्र हेच प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. या दोन आकड्यांतून दोन बोध घ्यावयाचे. पहिला असा की, व्हेरिकोसील असलेल्या बहुसंख्य पुरुषांना अपत्ये होतात. तेव्हा शिरा फुगलेल्या दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही. दुसरा असा की, पुरुषाच्या वंध्यत्वाच्या दुरुस्त करता येण्याजोग्या कारणांत हे सर्वांत अधिक आढळणारे कारण आहे. तेव्हा ते पाहिल्यावाचून पुढे जाणेही योग्य नाही.

अपत्यक्षमतेवर परिणाम कसा होतो?

साचलेल्या रक्तामुळे वृषणाचे तापमान वाढते. त्याचबरोबर पेशींना अपाय करणारी प्राणवायूजन्य द्रव्ये अधिक प्रमाणात निर्माण होतात आणि शुक्रजंतूंचे आवरण व त्यांतील आनुवंशिक द्रव्य यांस इजा पोहोचते. परिणामी शुक्रजंतूंची संख्या घटते, त्यांची गती मंदावते व सदोष आकाराचे शुक्रजंतू वाढतात. काही पुरुषांत वृषणाचा आकारही लहान होतो. एका बाजूचा दोष असला तरी परिणाम दोन्ही बाजूंच्या उत्पादनावर होऊ शकतो.

बहुतेकांना या विकाराचा काहीच त्रास होत नाही. काहींना दिवसभर उभे राहून काम केल्यावर सायंकाळी अंडकोशात जडपणा किंवा ओढल्यासारखी वेदना जाणवते आणि आडवे झाल्यावर ती शमते. रोवणीच्या किंवा ओझी वाहण्याच्या दिवसांत हे दुखणे अधिक जाणवले, तरी ‘अंग दुखते’ म्हणून ते सोडून दिले जाते.

आपल्या भागात घ्यावयाची विशेष दक्षता

पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा प्रदेश आहे. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगात पाय सुजतो, तसेच अंडकोशात पाणी साचून अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसिल, होते. या रोगाविरुद्ध सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमा या जिल्ह्यांत राबविल्या गेल्या आहेत व हायड्रोसिलची शस्त्रक्रिया लोकांच्या चांगलीच परिचयाची आहे. त्यामुळे अंडकोशाची कोणतीही सूज म्हणजे हायड्रोसिलच, अशी समजूत पक्की झाली आहे. वस्तुतः तीन विकार वेगळे ओळखावयास हवेत.

(१) हायड्रोसिल : पिशवी गुळगुळीत व ताणलेली असते, अंधारात टॉर्च लावल्यास तांबूस उजेड आरपार दिसतो, आडवे झाल्याने सूज जात नाही.
(२) अंतर्गळ, म्हणजे हर्निया : सूज जांघेतून खाली उतरते व खोकल्यावर धक्का लागतो. ती एकाएकी अडकून तीव्र वेदना व उलट्या सुरू झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.
(३) व्हेरिकोसील : उभे असताना गुंता हाताला लागतो, कुंथल्यावर तो वाढतो व आडवे झाल्यावर बहुधा दिसेनासा होतो. म्हणूनच तपासणी उभे करून व झोपवून, अशी दोन्ही प्रकारे करावी लागते.

याशिवाय आणखी काही गोष्टी येथील डॉक्टरांना व रुग्णांना लक्षात ठेवाव्या लागतात. गडचिरोलीत हिवतापाचा उपद्रव मोठा आहे. कोणत्याही तीव्र तापानंतर दोन-तीन महिने शुक्रजंतूंची संख्या घटलेली राहू शकते. म्हणून नुकताच ताप येऊन गेलेल्या पुरुषाचा अहवाल अंतिम मानू नये. कुष्ठरोगाच्या काही प्रकारांत वृषणांना सूज येऊन कायमची हानी होऊ शकते. वेळीच घेतलेले औषध बोटांप्रमाणेच वंशही वाचविते, हे रुग्णास सांगितले पाहिजे. भट्टीपुढे किंवा तत्सम प्रखर उष्णतेत दीर्घकाळ काम करणाऱ्यांच्या शुक्रजंतूंवर उष्णतेचा परिणाम होऊ शकतो. चंद्रपूरसारख्या औद्योगिक जिल्ह्यात रुग्णाचा व्यवसाय विचारल्यावाचून केसपेपर पूर्ण होत नाही. तंबाखूने वीर्याची गुणवत्ता खालावते, आणि आपल्याकडे तंबाखू म्हणजे विडीइतकाच खर्रा. शेवटची बाब सिकलसेलची : हा आजार व त्यावरील हायड्रॉक्सीयुरिया हे औषध या दोहोंचा शुक्रजंतूंवर परिणाम होऊ शकतो; तथापि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते औषध कोणीही बंद करू नये. शिवाय कोणतीही शस्त्रक्रिया व भूल देण्यापूर्वी सिकलसेलची चाचणी आपल्या भागात अगत्याची आहे.

तपासणी साधी, परंतु शिस्तीची

पुरुषाची प्राथमिक तपासणी दोन भागांत होते : डॉक्टरांनी हाताने केलेली शारीरिक तपासणी आणि वीर्यतपासणी. स्त्रीच्या तपासण्यांत सोनोग्राफी, गर्भनलिकांची क्ष-किरण तपासणी व प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रिया असते. त्यांच्या मानाने पुरुषाची तपासणी वेदनारहित, अल्पखर्चाची व थोड्या वेळात होणारी आहे. ज्या कामात खर्च कमी व उलगडा अधिक, ते आधी करावे, हा हिशेबाचा साधा नियम येथे वैद्यकाच्या नियमाशी तंतोतंत जुळतो.

वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवस शरीरसंबंध टाळावा. नमुना स्वच्छ डबीत संपूर्ण घ्यावा. साध्या निरोधात घेऊ नये. तासाभराच्या आत, शक्यतो अर्ध्या तासातच, तो प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. भामरागड किंवा सिरोंचा येथील घरून नमुना आणणे यामुळे अशक्यच होय; तो रुग्णालयातच, स्वतंत्र खोलीत द्यावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा अशा गावांतील जोडप्यांनी पहिल्या भेटीतच ही तपासणी होईल, अशा बेताने यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, ४२ टक्के हालचाल करणारे व ४ टक्के निर्दोष आकाराचे, ही खालची मर्यादा मानली जाते. याहून आकडा खाली आला म्हणजे अपत्य होणारच नाही, असे नव्हे. आणि वर असला म्हणजे हमी मिळाली, असेही नव्हे. एकच अहवाल पाहून निर्णय करू नये. दोष आढळल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. फुगलेल्या शिरा हाताला स्पष्ट लागत असतील, तर निदानासाठी डॉपलर सोनोग्राफीची गरज बहुधा पडत नाही.

उपचार : कोणास व कोणास नाही

या विकाराचे वर्णन पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने केले होते; परंतु त्याचा वंध्यत्वाशी असलेला संबंध ठळकपणे पुढे आला तो १९५० च्या दशकात. एडिनबरा येथील शल्यचिकित्सक टुलोक यांनी वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसलेल्या एका रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर त्याच्या पत्नीस गर्भधारणा झाली. तेव्हापासून या शस्त्रक्रियेच्या उपयुक्ततेविषयी वाद चालत आला. २००३ साली ‘लॅन्सेट’मधील एका समीक्षेने तिचा लाभ सिद्ध होत नाही, असे म्हटले. त्यावर असा आक्षेप घेण्यात आला की, ज्यांच्या शिरा हातालाही लागत नव्हत्या किंवा ज्यांचे वीर्य निर्दोष होते, अशांचाही त्यात समावेश होता. पुढे २०११ साली एका तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत हाताला लागणाऱ्या शिरा व सदोष वीर्य असलेलेच पुरुष घेतले होते. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३२.९ टक्क्यांच्या पत्नींना वर्षभरात नैसर्गिक गर्भधारणा झाली. न झालेल्यांत हे प्रमाण १३.९ टक्के होते.

या आकड्यांचा प्रामाणिक अर्थ असा : योग्य रुग्ण निवडला तर लाभ दुपटीहून अधिक, तरीही शस्त्रक्रिया झालेल्या तिघांपैकी दोघांना वर्षाच्या अखेरीस अपत्याची चाहूल लागलेली नसते. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कर्ज काढून किंवा बैलजोडी विकून आलेल्या माणसाला आशेपेक्षा वस्तुस्थिती अधिक उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेचा विचार व्हावा तो पुढील सर्व गोष्टी जुळल्यास : जोडप्यास अपत्य होत नाही, शिरा हाताला स्पष्ट लागतात, वीर्याचा अहवाल सदोष आहे, आणि पत्नीची तपासणी निर्दोष किंवा तिचा दोष उपचारयोग्य आहे. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक शिरांसाठी किंवा वीर्य निर्दोष असताना वंध्यत्वाच्या नावाखाली शस्त्रक्रिया करू नये. सतत वेदना हे मात्र शस्त्रक्रियेचे स्वतंत्र कारण होऊ शकते.

शस्त्रक्रियेत जांघेजवळ लहानसा छेद देऊन फुगलेल्या शिरा बांधतात; रोहिणी व लसवाहिन्या राखतात. लसवाहिनी बांधली गेली तर पुढे हायड्रोसिल होऊ शकते, रोहिणीस इजा झाली तर वृषण सुकू शकते, आणि एखादी शीर सुटली तर विकार पुन्हा उद्भवतो. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेत हे तिन्ही धोके सर्वांत कमी असतात. नवे शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणून पहिली फेरतपासणी तीन महिन्यांनी व दुसरी सहा महिन्यांनी करतात. या काळात धीर धरावा. मात्र पत्नीचे वय पस्तिशीकडे झुकले असेल, तर केवळ वाट पाहण्यात वेळ दवडू नये.

उपचारांनीही यश न आल्यास कृत्रिम गर्भधारणेचे मार्ग आहेत. अशा केंद्रांचे नियमन २०२१ च्या कायद्याने होते. नोंदणी असलेल्या केंद्रातच जावे. कायदेशीर मार्गाने दत्तक घेणे हा तितकाच सन्मानाचा मार्ग होय.

किशोरवयीन मुलांविषयी दोन शब्द

हा विकार बहुधा वयात येताना प्रथम दिसू लागतो. आश्रमशाळांतील व अन्य शाळांतील आरोग्यतपासणीत तो आढळल्यास लगेच शस्त्रक्रियेची घाई नको. परंतु वर्षातून एकदा दोन्ही वृषणांच्या आकाराची तुलना व्हावी. डाव्या वृषणाची वाढ खुंटत असल्यास तज्ज्ञाकडे पाठवावे. अशी तपासणी पुरुष डॉक्टरांनी, आडोशाला व मुलाला विश्वासात घेऊन करावी.

व्यवस्थेच्या दृष्टीने

रुग्णालयांच्या व गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या विचारार्थ काही सूचना येथे मांडतो.

(१) अपत्यहीनतेच्या तक्रारीत पहिल्याच दिवशी पती व पत्नी अशा दोघांच्या नावांचे केसपेपर काढून ते एकत्र बांधावेत.
(२) पतीची वीर्यतपासणी झाल्यावाचून पत्नीवर दुर्बिणीची किंवा तत्सम मोठी तपासणी ठरवू नये.
(३) नमुन्यासाठी आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली असावी. पुरुषांशी बोलण्यास पुरुष कर्मचारी, व माडिया-गोंडी जाणणारा दुभाषी उपलब्ध असावा.
(४) अहवाल पती-पत्नीस एकत्र बसवून समजावून सांगावा. सासू, दीर वा गावकरी यांच्यासमोर नव्हे.
(५) दोष कोणाचा, ही भाषाच टाळावी. विकार एका शरीरात असतो. अपत्य मात्र दोघांचे असते.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. लागते ती थोडी जागा, थोडी शिस्त आणि बोलण्याची तयारी. तपासणी उशिरा होते तेव्हा तो उशीर स्त्रीच्या वयातून वजा होतो. लग्नानंतरची सात-आठ वर्षे नवससायास, गंडेदोरे, वैदूची मुळी व पत्नीच्याच तपासण्या यांत जातात. दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात आणि त्यानंतर कोठे पतीची तपासणी होते. दुसरी पत्नी आली तरी पाळणा हलत नाही. कारण विकार पहिल्या पत्नीत नव्हताच.

आमच्या हितचिंतकांना व देणगीदारांना विनंती एवढीच की, आपल्या परिचयातील एखाद्या जोडप्यास लग्नानंतर वर्ष उलटूनही मूल झाले नसेल, तर त्यांना ‘दोघेही तपासून घ्या’ असे आपुलकीने सांगावे. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असल्यास सहा महिन्यांतच सांगावे. वडीलधाऱ्या पुरुषाने तरुण पुरुषास सांगितलेले हे एक वाक्य एखाद्या सुनेचा संसार वाचवू शकेल.